गोजरबाईनं चाळलेला तारा

हट्ट्यात पहाट कोंबड्यानं होत नसे, गोजरबाईच्या जात्यानं होत असे. कोंबड्याचा काय भरवसा? अंगणात मांजर आलं तरी तो आरवतो. पण गोजरबाईचं जातं घरघरू लागलं की माणसं कूस बदलून म्हणत, "पडा अजून जरा, तिचं पहिलंच सूप चालू आहे." दुसऱ्या सुपाला बायका उठत, तिसऱ्याला गडीमाणसं. तिसऱ्या सुपानंतरही जो अंथरुणात सापडे त्याचं नाव गोजरबाईला कळे, आणि गोजरबाईला कळलं म्हणजे ते दिवस डोक्यावर यायच्या आत वेशीपर्यंत पोचलेलं असे.

बाई तोंडाची तिखट. गावात तिला घाबरत नव्हती अशी दोनच माणसं होती. एक तिची भाची शालू, आणि दुसरी शेजारीण मंजुळाबाई. मंजुळाबाई घाबरत नव्हती कारण तिचं तोंड गोजरबाईपेक्षा दीड वीत लांब होतं. या दोघी दिवसातून दोनदा भांडत आणि तीनदा एकमेकींच्या घरी विस्तव मागायला जात.

गोजरबाईचा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तेव्हा ती अठराची. भाऊ जाऊन तिला हट्ट्याला घेऊन आला. पुढं भाऊ गेला, पाठोपाठ भावजय गेली, आणि तीन वर्षांची शालू आत्याच्या पदराला येऊन चिकटली. मग गोजरबाईनं जात्याचा खुंटा धरला तो धरलाच. लोकांची दळणं दळायची, आणि हंगाम आला की कुरुंदा गावाकडची हळद कुटून, दळून, वस्त्रगाळ करून द्यायची. वस्त्रगाळ म्हणजे कापडातून गाळलेली. एकेरी कापडातून पडते ती भाजीची हळद, दुहेरीतून पडते ती देवाची, आणि तिहेरीतून जी पडेल ती नवरीच्या अंगाला. "लई बारीक पडती," असं लोक म्हणत, आणि ते हळदीबद्दलच म्हणत. तिच्या बोलण्याबद्दल नव्हे.

कुरुंद्याच्या तातेरावाची हळद दरसाल तिच्याकडेच यायची. तातेराव म्हणजे देवभोळा, दुहेरी हाडाचा गडी. मांजर आडवं गेलं की घरी परत जाऊन पुन्हा पाणी पिऊन निघणारा. एका खेपेला हळद न्यायला आला असताना शालूनं त्याला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला: आमच्या संतरामाला तुमची पोरगी द्या.

गोजरबाईनं त्या दिवशी मंजुळाबाईशी भांडणच केलं नाही. मंजुळाबाईला वाटलं, बाई आजारी पडली.

हे सगळं सन अठ्ठेचाळीसचं. निजामाची मोगलाई नुकतीच संपली होती. सप्टेंबरात हिंदी फौजा येऊन गेल्या होत्या, आणि गावातली माणसं अजून एकमेकांकडं जरा जपूनच बघत होती. अशा दिवसांत घरात शुभकार्य निघालं म्हणून सगळ्या आळीलाच बरं वाटलं. भाऊबीजेला तातेराव चार माणसं घेऊन आला, शालूला कुंकू लावलं, सुपारी फुटली. तुळशीचं लग्न लागलं की चांगला मुहूर्त धरून अक्षता टाकायच्या असं ठरलं.

आणि तिसऱ्या पहाटे गोजरबाई जात्यावर बसली ती पहिली मूठ घालायचीच विसरली.

तिचं जातं ओसरीवर होतं, तोंड उगवतीला. शुक्राची चांदणी रोज समोर छपराला आधार दिलेल्या मेढीच्या डाव्या अंगाला उगवायची. आज मेढीच्या उजव्या अंगाला दुसरंच काहीतरी उभं होतं. हस्त नक्षत्राच्या खालच्या बाजूला एक तारा, आणि त्याला शेपूट. शेपूट म्हणजे कसं, तर खराट्यानं आभाळ झाडता झाडता कुणीतरी खराटा तिथंच विसरून गेलं आहे असं.

"मंजुळे! ए मंजुळे! उठ, आभाळात बघ काय हाय ते!"

मंजुळाबाई बाहेर आली, तिनं बघितलं, आणि पाण्याला गेलेल्या पहिल्या बाईपासून सुरुवात करून उन्हं यायच्या आत गावभर सांगितलं. त्यातही स्वतःच्या पदरची भर घातली, की तारा गोजरबाईच्याच छपरावर उगवला.

दुपारपर्यंत जोशीबुवांच्या पडवीत गर्दी झाली. जोशीबुवा पंचांगात पक्के होते. पण डोळ्यांत फूल पडल्यामुळं आभाळ त्यांना गेली सहा वर्षं पंचांगातच दिसत होतं. त्यांनी पोथी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "धूमकेतू आहे. हा दिसतो आहे तोवर शुभकार्य नको."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण कुणीतरी विचारलं, "बुवा, ह्यो आत्ताच काहून आला?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "भाऊबीजेला कुंकू लागलं, अन् तिसऱ्या दिवशी उगवला. पायगुण म्हना की."

तो "कुणीतरी" कोण हे गोजरबाईनं पुढं शोधून काढलं आणि त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. पण शब्द सुटला तो सुटलाच. दोन दिवसांत तो कुरुंद्याला पोचला. तातेराव गाडी जुंपून आला. ओसरीवर बसला खरा, पण पाण्याच्या तांब्याला हात लावेना.

"विहीणबाई, माजं पोरगं एकुलतं हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "आमच्या घरच्या बाया बोलून राहिल्या. धनुर्मास लागायच्या आत ह्यो तारा गेला, तर पोरगी आमची. न्हाई गेला, तर सुपारी वापस. मंग मला बोल लावू नका."

आत शालू भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला.

गोजरबाईला कळलं की हा नुसत्या लग्नाचा प्रश्न नाही. सुपारी परत आलेल्या पोरीला दुसरं स्थळ येतंच, उशिरा का होईना. पण जिच्या पायगुणानं आभाळात शेपूट उगवलं, तिच्या दारात कोण येणार? तारा जाईल निघून. त्याचं नाव मात्र या पोरीच्या कपाळाला राहील.

"व्याहीबुवा," ती म्हणाली, "तारा गेला का न्हाई, हे कोन सांगनार? जोशीबुवास्नी तर सोताच्या धोतराचा काठ दिसत न्हाई."

"तुमीच सांगा. पर देवाला स्मरून खरं सांगा."

"मी खोटं बोलते का?"

तातेरावानं बरीच वर्षं तिच्याकडून हळद मापून घेतली होती. "न्हाई," तो म्हणाला. "वाईट बोलता, पर खोटं न्हाई."

त्या रात्रीपासून गोजरबाईचं नवं काम सुरू झालं. तारा बघायचा कसा? एक दिवस बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं, तर वाढला की घटला हे डोळ्याला काय कळतं? डोळा रोज नवा असतो. ती विचार करत बसली आणि हळद गाळता गाळता तिला सुचलं. पीठ जसं गाळायचं, तसा उजेडही गाळायचा. पहाटे ती ओसरीवर उभी राहिली, पदराची एक घडी डोळ्यापुढं धरली. तारा दिसला. दुसरी घडी. दिसला. तिसरी, चौथी. पाचव्या घडीला पार दिसेनासा झाला. म्हणजे तारा पाच घड्यांचा. मेढीवर तिनं हळदीच्या बोटानं पाच टिकल्या लावल्या.

चार दिवसांनी चार घड्यांतच तारा गुडूप झाला. चार टिकल्या.

तो जातो कुठं तेही तिनं पकडलं. आभाळ सगळंच रोज थोडं आधी उगवतं, हे जात्यावर बसून तिला पाठ होतं. त्यामुळं मेढीवरून मोजून उपयोग नाही. म्हणून हात लांब करून हस्ताच्या चांदण्यांपासून बोटं मोजायची. पहिल्या दिवशी चार बोटं. मग सहा. मग मूठभर. खराटा झाडत झाडत दक्षिणेकडं सरकत होता, आणि सरकता सरकता फिका पडत होता. जवळचं सुईचं नेढं बाईला दिसत नसे, पण लांबचं असं दिसे की वेशीवर आलेला माणूस कुणाच्या घरी उधार मीठ मागणार आहे, हे ती ओसरीवरून सांगे.

"आत्या, जाईल का गं तो?" शालू रोज विचारायची.

"जाईल. रोज एक पाऊल मागं टाकून राहिला. पाव्हना हाय, घरजावई न्हाई."

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तारा तीन घड्यांवर आला. गोजरबाईनं कुरुंद्याला सांगावा धाडला: लग्नाला या तुळशीच्या, रात्रीचे राहा, पहाटे तुमच्या समोर मोजते.

तातेराव आला. तुळशीला बाशिंग बांधलं, ऊस उभे केले, पोरांनी बोरं-आवळे पळवले. गोजरबाईनंही पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं. तीन वर्षांपूर्वी नासेर विणकरानं विणून दिलेलं, वर्षातून दोनदा निघणारं. रात्री भजनाला बसली, तिथंच भिंतीला टेकून डुलकी लागली, आणि पहाटे तशीच उठून ओसरीवर आली. अंगणात तातेराव, जोशीबुवा आणि चार पंच घोंगड्या लपेटून उभे. शेजारच्या कुडावर मंजुळाबाईची हनुवटी.

गोजरबाईनं पदराची एक घडी धरली. दोन. तीन.

तारा दिसत होता.

तिनं चौथी घडी घातली. दिसत होता. पाचवी घातली तेव्हा कुठं तो बुडाला.

बाईला वाटलं असतं तर ती "तीन" म्हणू शकली असती. पदर तिचा, डोळा तिचा. कोण तपासणार होतं? जोशीबुवा? मंजुळाबाईनं पुढं अनेकदा हीच गोष्ट सांगताना म्हटलं, "मी असते तर दोनच म्हनले असते!" आणि ते खरंच होतं.

"किती?" तातेरावानं विचारलं.

"पाच," गोजरबाई म्हणाली.

"परवा तीन होता म्हनलात."

"व्हय. तीनच होता. आज पाच हाय."

"मंजी वाढून राहिला." तातेरावानं घोंगडी आवळली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती; रागाशी गोजरबाई भांडली असती. "विहीणबाई, पुनवेच्या बाजाराला मी येतो. सुपारी घेऊन येतो."

तो गाडी जुंपून गेला. शालू आत चुलीपुढं बसून राहिली. चूल पेटवली नव्हती. गोजरबाई तिच्याजवळ गेली, पण काय बोलावं ते तिला सुचेना. ही गोष्ट गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच घडली. त्या दिवशी हट्ट्यात जातं फिरलं नाही आणि अर्धं गाव दिवस वर येईपर्यंत झोपून राहिलं.

दुपारी तिनं एक जुनेर नेसून ठेवणीतलं लुगडं धुऊन दोरीवर दुहेरी वाळत घातलं. कडेला रोजचं जाडंभरडं लुगडं तसंच दुहेरी आधीच वाळत होतं. कुडापलीकडं मंजुळाबाई अंगणात बसून काहीतरी खात होती. गोजरबाईचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण डोळे त्यांचं काम करतच होते. लुगड्याच्या दोन्ही थरांतून तिला स्पष्ट दिसलं, की मंजुळाबाई तुळशीपुढं ठेवलेला गूळ खाते आहे. काल ज्याला गोजरबाईनं स्वतः मुंग्यांपासून झाकून ठेवलं होतं, तोच गूळ.

"मंजुळे, ठेव त्यो गूळ!" असं ओरडायला ती दोन पावलं उजवीकडं सरकली. आता मध्ये रोजचं लुगडं आलं. मंजुळाबाई नाहीशी झाली. ती पुन्हा डावीकडं सरकली. मंजुळाबाई आली, गुळासकट. उजवीकडं. गेली.

गोजरबाई तोंडाला हात लावून उभी राहिली. मग डोक्यावर पदर ओढून ती जी पळत सुटली ती थेट गावाच्या टोकाला, नासेरच्या दारात.

नासेरचा माग सप्टेंबरापासून बंद होता. त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं, पण दिवस असे होते की वाकडं नसलेला माणूसही दार लोटून बसे. गोजरबाईनं कडी वाजवली तेव्हा आतून बराच वेळ आवाज आला नाही.

"अरे नासेर, मी हाय! दार उघड, न्हाईतर मोडते!"

दार उघडलं. "मोडू नका आक्का, पुन्हा लावायला माझ्याकडं लाकूड न्हाई," नासेर म्हणाला. दोन महिन्यांत दाढी वाढली होती.

"तू मला दोन लुगडी विनून दिली. एक रोजचं, एक ठेवनीतलं. दोन्हीत फरक काय?"

"सुताचा. रोजच्याला जाडं सूत, ठोकून बसवलेलं. ठेवणीतल्याला बारीक सूत, मोकळं. तुमीच म्हनल्या होत्या, अंगाला हलकं लागलं पायजे." त्यानं बोटं चोळून दाखवलं. "काहून? फाटलं का?"

"फाटलं न्हाई रे. त्यानं माजी पोरगी बुडवली." आणि तिनं सगळं सांगितलं.

नासेर ऐकता ऐकता आत गेला आणि एक बोचकं घेऊन आला. विणकराची सवय असते: थान संपलं की शेवटाची वीतभर चिंधी कापून ठेवायची, पुढं गिऱ्हाईक म्हणालं की "असंच पायजे" तर दाखवायला. शंभरएक चिंध्यांतून त्यानं दोन काढल्या. उजेडाकडं धरल्या, दाताखाली सूत चावून बघितलं.

"या तुमच्या. ही जाडी, ही बारीक. जाडीच्या तीन घड्या आन् बारकीच्या पाच बराबर. आक्का, तारा तितकाच हाय. तुमची चाळणी बदलली."

"हे तू पंचांपुढं सांगशील का?"

नासेरनं दाराबाहेर रस्त्याकडं बघितलं. गोजरबाईनंही बघितलं.

"मी तुज्यासंगं चालते," ती म्हणाली. "तुला कुनी काई बोललं तर माज्या तोंडाला तोंड देऊन दाखवा म्हनावं."

"तेवढी पलटण पुरे हाय," नासेर म्हणाला आणि हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला असावा. कारण हसताना त्याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

कुरुंद्याला गाडी गेली. गोजरबाईचा निरोप असा होता: "सुपारी आनायचीच असली तर आना, पर उद्या पहाटं या, अन् सोताच्या डोळ्यानं बघा. न्हाई आले तर मी जातं घेऊन तुमच्या दारात येऊन बसते." तातेराव आला. माणूस देवाला भितो, पण जातं घेऊन येणाऱ्या बाईला जरा जास्तच भितो.

पहाटे अंगणात पुन्हा तीच मंडळी जमली. या वेळी मध्ये नासेर, हातात दोन चिंध्या. जोशीबुवांनी चिंधी घेण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडलं.

"बुवा, ओली केली तर घट्ट व्हतीया," नासेर अदबीनं म्हणाला. "उजेड कमी येईल. मंग गोजरआक्का मला सोडनार न्हाई."

पंच हसले. बुवांनी कोरडी चिंधी घेतली, आपल्याला दिसत नाही हे आठवून तातेरावाच्या हातात दिली.

"आधी ताऱ्याकडं बगू नका," गोजरबाई ओसरीवरून म्हणाली. "शुक्राकडं बगा. शुक्र रोजचा हाय का न्हाई? तुमच्या आज्यानं बी बगितला?"

"व्हय."

"जाड्या चिंधीच्या घड्या घाला. कितीला बुडतो?"

तातेरावानं घड्या घालून बघितलं. "सहा."

"आता बारीक."

बराच वेळ लागला. तातेराव घड्या घालत होता, ओठ हलवत मोजत होता. "दहा," तो शेवटी म्हणाला, आणि चिंधीकडं असं बघितलं, जणू तिनंच चोरी केली आहे.

"घ्या!" गोजरबाई गरजली. "सहाचा शुक्र दहाचा झाला! शुक्र बी माज्या भाचीच्या पायगुणानं फुगला म्हना! आता त्या खराट्याकडं बगा. जाड्या चिंधीतून."

तातेरावानं बघितलं. तीन घड्या. तिसऱ्या घडीला तारा बुडाला. त्यानं पुन्हा बघितलं. मग पंचांनी एकेक करून बघितलं, आणि प्रत्येकानं "तीन" म्हटलं. एकानं घडी न घालताच म्हटलं, कारण त्याला थंडी वाजत होती.

"चूक माजी झाली," गोजरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ठेवनीतलं लुगडं नेसून मोजलं. दळनाऱ्या बाईनं चाळनी बदलून मापू नये. हे मला कळाया पायजे होतं."

तातेरावानं खिशातली सुपारी चाचपली आणि तशीच राहू दिली. "पर गेला न्हाई ना अजून."

"जाईल. चार दिवसाला एक घडी जायची, आता आठ दिवसाला जाऊन राहिली. चंपाषष्ठीपातूर एका घडीआड बसंल. त्यानंतरचा मुहूर्त धरा."

पुढच्या दिवसांत एक गंमत झाली. पौर्णिमेनंतर पहाटेला चांदणं आलं आणि त्या उजेडात तारा कुणालाच दिसेना. तातेराव धावत आला: गेला, गेला, उरकून टाकू! दुसरी कुणी असती तर तिनं अक्षता हातातच घेतल्या असत्या. गोजरबाईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "दिवा मोठा लावला म्हनून पनती विजली का? आवस होऊ द्या." अमावास्येला अंधार पडला आणि तारा पुन्हा दिसला, फिका, दोन घड्यांहून कमी. त्या दिवसापासून तातेराव तिला "विहीणबाई" म्हणताना हात जोडू लागला.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेवटची मोजणी. मुहूर्त तीन दिवसांवर होता, त्यानंतर धनुर्मासाआधी दुसरा मुहूर्तच नव्हता. मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. नासेरनं नवरीसाठी लुगडं मागावर चढवलं होतं, आणि त्याच्या मागाचा खटखटाट दुपारभर गावाच्या टोकाकडून ऐकू येत होता.

अंगणात सगळे जमले. तातेराव उगवतीकडं तोंड करून उभा राहिला, जोशीबुवाही. पंचांनी डोळे बारीक केले.

"मला तर दिसत न्हाई," एक पंच म्हणाला.

"मला बी न्हाई," तातेराव म्हणाला. "बुवा?"

"मला मुळीच दिसत नाही," जोशीबुवा अगदी खरं बोलले.

आता इथं गंमत अशी, की तारा उगवतीला नव्हताच. महिनाभरात बोट बोट सरकत तो हस्ताला सोडून पार दक्षिणेला, अंगणाकडेच्या कडुलिंबाच्या शेंड्याच्या पलीकडं गेला होता. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, कारण बोटं फक्त एकाच माणसानं मोजली होती. ओसरीवर उभ्या गोजरबाईनं लिंबाकडं बघितलं. उघड्या डोळ्यांना तो तिथं होता. फुंकलेल्या राखेच्या चिमटीएवढा, शेपूट गळालेला. दुसऱ्या कुणालाही दाखवूनसुद्धा दिसला नसता. पण होता.

तिनं आत बघितलं. दाराआड शालू उभी होती.

"विहीणबाई," तातेराव वळला, हात जोडून. "आमचं सोडा. तुमच्या डोळ्याला दिसतो का? तुमी सांगाल ते खरं."

मंजुळाबाई सांगते, की त्या क्षणी गोजरबाई इतका वेळ गप्प राहिली की तिला वाटलं, आता ही बया खरं बोलून पोरीचं वाटोळं करणार.

पण व्याही बोलायला पुढं आला म्हणजे बाईमाणसानं पदर पुढं ओढून घ्यायचा, अशी आपल्याकडं रीत आहे. पुढारलेल्या गोजरबाईला ती रीत गेल्या महिन्याभरात एकदाही आठवली नव्हती. आज आठवली. तिनं रोजच्या जाड्याभरड्या लुगड्याचा पदर, एकच घडी, हनुवटीपर्यंत ओढला. मग सावकाश लिंबाकडं तोंड केलं, आणि देवाला स्मरून नीट, बराच वेळ बघितलं.

"न्हाई," ती पदराआडून म्हणाली. "एका घडीआडून मला तारा दिसत न्हाई. चंपाषष्ठीला एका घडीत बसंल म्हनले होते. बसला."

तातेरावानं खिशातली सुपारी काढली आणि जोशीबुवांच्या हातावर ठेवली. "मांडव घाला," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. विधवेनं बोहल्याजवळ यायचं नाही म्हणून गोजरबाई जात्याजवळ बसून होती. पण नवरीच्या अंगाला लागलेली हळद तिनं चार घड्यांतून गाळली होती, आणि तशी हळद त्या पंचक्रोशीत पुन्हा कुणाला लागली नाही. नासेर मांडवाच्या कडेला उभा होता. तातेरावानं त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि म्हणाला, "आमचे हे चिंधीवाले पंच."

पाठवणी दुसऱ्या पहाटे होती. अजून अंधार होता. गाडीत बसायच्या आधी शालू आत्याच्या गळ्यात पडली. तिलाही आत्याच्याच ओसरीवर वाढल्यामुळं लांबचं बरं दिसत असे. तिनं लिंबाच्या शेंड्याकडं बघितलं आणि आत्याच्या कानात विचारलं,

"आत्या, खरं सांग. गेला का तो?"

गोजरबाईनं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊन राहिला," ती म्हणाली. "तू बी जा."

गाडी वेशीबाहेर पडली. मग गोजरबाई आत आली, सूप घेतलं, आणि हट्ट्यात पहाट झाली.